भट्टीची साक्ष

वैशाख संपत आला होता. यवतमाळच्या माळावर ऊन असे उतरले होते की, दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर माणूस दिसत नसे. गावाच्या कडेच्या एका कौलारू घरात मात्र त्या उन्हात भर घालणारी आणखी एक ऊब रोज दुपारी पेटत असे. त्या घरात विजेचा एक मोठा ओव्हन होता, आणि त्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजली जात असे.

घर लहान आणि माणसे पाच. वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाचा हंगाम असेपर्यंत तेथे रात्रंदिवस यंत्रे चालतात. उन्हाळा चढला की यंत्रे थांबतात आणि त्यांच्याबरोबर मजुरीही थांबते. ते महिने घर चालत असे ते आईच्या नानकटाईवर. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून तिने हा ओव्हन, वापरलेला पण सुस्थितीतला, विकत घेतला होता. काचेच्या दाराचा आणि कपाळावर लाल आकडे उमटवणारा तो ओव्हन प्रथम घरात आला तेव्हा आजीने त्याला हळदकुंकू लावले आणि त्याला ‘भट्टी’ असे नाव दिले. पुढे घरात तेच नाव रूढ झाले.

आईच्या नानकटाईची कीर्ती गल्लीतून पेठेत आणि पेठेतून आसपासच्या तालुक्यांत गेली होती. तूप आणि साखर फेसून फेसून तिने एकजीव केली, त्यात मैदा, थोडे बेसन, चिमूटभर वेलदोड्याची पूड मिसळली आणि गोळे ताटात मांडले की, वीस मिनिटांत सारे घर खमंग वासाने भरून जाई. नानकटाईच्या माथ्यावर बारीक चिरा पडलेल्या असत आणि तळाला बदामी रंग आलेला असे. तोंडात घालताच ती विरघळे.

अशा घरात त्या वर्षी अक्षय तृतीयेनंतर एक चमत्कारिक संकट आले. नानकटाई बिघडू लागली. ती फुलेना, पांढरीफटक राहून ताटात पसरू लागली. बाहेरून भाजल्यासारखी दिसणारी नानकटाई मोडून पाहावी तो आत पिठाचा कच्चा वास! आणखी विचित्र गोष्ट अशी की, हे प्रत्येक वेळी घडत नसे. सकाळचा घाणा बिघडे, दुपारचा त्या मानाने बरा निघे आणि संध्याकाळचा पुन्हा फसे.

प्रथम मैद्यावर संशय घेतला गेला. दुकान बदलून पाहिले. नंतर तुपाची पाळी आली. तूपही बदलले. तरी फरक पडेना, तेव्हा शेजारच्या एक बाई सहानुभूतीने म्हणाल्या, “होते असे कधीकधी. हातच बिघडतो बाईचा.” आई काही बोलली नाही, पण त्या रात्री ती नीट जेवली नाही. स्वयंपाकघरात काही बिघडले की, पीठ, तूप, चूल या साऱ्यांच्या आधी किंवा नंतर, पण हमखास, बाईच्या हाताची चौकशी होतेच. ही रीत फार जुनी आहे आणि ती कोणी घालून दिली, हे विचारण्याची चालही नाही.

त्यातच दारव्ह्याच्या एका लग्नघराने बारा किलो नानकटाई मागितली होती. लग्न चार दिवसांवर आले होते. त्या घरच्या मंडळींनी अर्धे पैसे आगाऊ दिले होते, आणि त्या पैशांतून तूपसाखर आणूनही झाली होती. बारा किलो कच्ची नानकटाई लग्नाच्या पंगतीत गेली असती, तर पुढच्या वर्षी त्या दारी कोणी आले नसते.

सगळ्यांत आधी खरा प्रकार ओळखला तो आजीने. आजीचे सारे आयुष्य चुलीपुढे गेले होते. तरुणपणी शेतातल्या पंगतीसाठी तिने रोडगे भाजले होते. गव्हाच्या जाडसर पिठाचे ते गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. गोवरीची ज्वाळा पुरती विझून तिच्यावर पांढरी राख धरू लागली की मगच रोडगे आत ढकलायचे. घाई केली तर वरून कोळसा आणि आतून पीठ, उशीर केला तर राखेचे गोळे. ही वेळ आजी घड्याळावाचून ओळखत असे. त्या दिवशी ओव्हनने घंटी वाजवली, म्हणजे मागितलेले १८० अंश तापमान आत झाले असे जाहीर केले. आईने दार उघडले, तशी आजी पुढे झाली, तिने क्षणभर आतल्या हवेत हात धरला आणि म्हणाली, “पोरी, आच कमी आहे.”

“अहो, पण आकडा तर बरोबर आहे,” आई म्हणाली.

“आकडा त्याचा, हात माझा,” असे म्हणून आजीने एका जुन्या ताटलीत चिमूटभर मैदा पसरला आणि ती ताटली आत सरकवली. चांगल्या भट्टीत तेवढा मैदा काही मिनिटांत तांबूस झाला असता. इथे पाच मिनिटे झाली, सात झाली, तरी मैदा पांढराच होता. आजीने ती ताटली सुनेपुढे ठेवली. आईच्या चेहऱ्यावरचा ताण त्या पांढऱ्या मैद्याकडे पाहता पाहता थोडा सैल झाला. दोष कोठे आहे हे अजून कळले नव्हते. पण तो तिच्या हातात नाही, एवढे त्या ताटलीने सांगितले होते.

संध्याकाळी मामांना बोलावणे गेले. मामांचे मोटार रिवायंडिंगचे दुकान होते. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून त्या पुन्हा चालत्या करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ओव्हन मात्र त्यांनी आजवर उघडला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपला मल्टिमीटर, पक्कड आणि पेचकस घेऊन आले. त्यांचा पहिला नियम असा होता की, कोणत्याही विजेच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी तिचा प्लग भिंतीतून काढून स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवायचा. प्लग ओट्यावर आला. मामांनी ओव्हन पुढे ओढला आणि त्याची पाठ उघडली. भाची जवळ उभी होतीच. ती नुकतीच सातवी पास झाली होती आणि घरात सारे जण तिला ताई म्हणत. “बघायचे डोळ्यांनी, हात पाठीशी,” मामांनी बजावले, आणि तिने हात पाठीशी बांधले.

ओव्हनबरोबर आलेले माहितीपत्रक आईने डब्यात जपून ठेवले होते. त्यात लिहिले होते की, ओव्हनच्या पोटात, मागच्या भिंतीतून पुढे आलेली पेन्सिलीएवढी जाड एक पोलादी नळी आहे. ती म्हणजे तापमानाचा सेन्सर. त्या नळीच्या टोकाशी प्लॅटिनमचा अगदी सूक्ष्म भाग असतो. विजेला वाहताना प्रत्येक धातू थोडाफार अडथळा करतो. त्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या मापात मोजतात. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. प्लॅटिनमच्या बाबतीत ही वाढ इतकी नियमित असते की, रोध मोजला की तापमान कळते. या सेन्सरचा रोध बर्फाच्या तापमानाला, म्हणजे शून्य अंशाला, बरोबर १००० ओहम असतो आणि पुढे दर अंशाला सुमारे पावणेचार ते चार ओहमांनी वाढत जातो. नळीपासून दोन तारा निघून ओव्हनच्या डोक्यातील पट्टीपर्यंत जातात. ती पट्टी रोध मोजते, त्यावरून तापमान ठरवते आणि तापमान पुरेसे झाले की वीज तोडते. पट्टीला स्वतःला ऊन-थंड काहीच कळत नाही. ती बिचारी आंधळी असते. दोन तारांवरून येणारा निरोप हेच तिचे डोळे.

मामांनी पट्टीजवळच्या टोकाशी तारा सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला. काट्याच्या जागी आकडे उमटले: १२७५. पत्रकात छापले होते की, खोलीच्या तापमानाला हा आकडा सुमारे १०८० असावा. मामांनी जीभ टाळूला लावून आवाज केला. “जवळजवळ दोनशे ओहम जास्त. सेन्सर गेला.”

ताईने पत्रकातील कोष्टकावर बोट फिरवले. १२७५ ओहम म्हणजे ७१ अंश. थंड, बंद असलेला ओव्हन आपण ७१ अंशांवर आहोत असे समजत होता! मग चालू झाल्यावर तो किती फसत असेल? रोध जास्त दिसतो म्हणजे तापमान जास्त वाटते. तापमान जास्त वाटते म्हणजे वीज लवकर तुटते. वीज लवकर तुटली म्हणजे नानकटाई कच्ची राहते. हे गणित जुळले तेव्हा मामांनी कौतुकाने तिच्या पाठीवर थाप मारली. परंतु नवा सेन्सर नागपुराहून मागवावा लागणार होता आणि तो यायला आठवडा लागणार होता. लग्नाला तीन दिवस उरले होते.

“तोवर एक युक्ती करू,” मामा म्हणाले. “ओव्हन किती अंश खोटे बोलतो ते काढू आणि तेवढे अंश जास्त मागू.”

युक्ती वाईट नव्हती. घरातले घड्याळ रोज नेमके दहा मिनिटे पुढे असले, तर त्या घड्याळावर शाळा चुकत नाही. दहा मिनिटे वजा करण्याची सवय लागते आणि काम चालते. पण आजी खाटेवरून म्हणाली, “परवा दुपारचा घाणा बरा निघाला होता, तो कसा मग?”

मामा थांबले. प्रश्न साधा होता, पण त्याने युक्तीचा पायाच काढून घेतला. ओव्हन नेहमी सारखेच खोटे बोलत असता, तर सगळे घाणे सारखेच बिघडले असते. तो कधी थोडे खोटे बोलत होता, कधी फार. जे घड्याळ आज दहा मिनिटे पुढे आणि उद्या पंचवीस मिनिटे पुढे असते, त्याच्यावर वजाबाकीचा उपाय चालत नाही.

तेव्हा मामांनी मनाशी विचार केला की, आता नुसता सेन्सरच वेगळा काढून पाहावा. आतल्या भिंतीतले दोन स्क्रू काढले. मागे हात घालून, जेथे सेन्सरच्या तारा लांब तारांना जोडल्या होत्या तो पांढरा जोड सोडवला आणि नळी बाहेर आली. तिच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावताच आकडा उमटला: ११५५. नळी हलवली, तारा वाकवल्या, तरी आकडा ढळला नाही.

“कमी झाला खरा,” मामा म्हणाले, “पण १०८० कुठे आणि ११५५ कुठे? पंचाहत्तर ओहम अजून जास्तच आहेत. म्हणजे सेन्सर बिघडलेलाच.”

ताई पत्रकाकडे पाहत राहिली. ‘खोलीचे तापमान’. कोणाची खोली? पत्रकाच्या तळटीपेत बारीक अक्षरांत उत्तर होते: २० अंश. ज्या देशात ते पत्रक लिहिले गेले असेल, तेथील खोल्यांत वर्षाचे बरेच दिवस २० अंश असतीलही. यवतमाळच्या कौलाखाली मे महिन्याच्या दुपारी २० अंश म्हणजे थट्टाच होती. डिसेंबरातल्या पहाटे कधी तेवढा गारवा येतो, तेव्हा आजी दोन घोंगड्या घेते! भिंतीवर एक तापमापक टांगलेला होता. ताईने तो पाहिला. पारा ४० वर होता. तिने कोष्टकात ४० च्या ओळीवर बोट ठेवले. समोर आकडा होता ११५५.

ती ओरडली नाही. तिने बोट तसेच ठेवले आणि पत्रक मामांपुढे धरले. मामांनी कोष्टक पाहिले, मल्टिमीटर पाहिला, भिंतीवरचा पारा पाहिला, आणि टोपी काढून कपाळाचा घाम पुसला. ज्या पंचाहत्तर ओहमांसाठी सेन्सरला ते दोषी ठरवत होते, ते यवतमाळचे ऊन होते. सेन्सर नेमके तेच सांगत होता.

तरीही मामा मोटारींत मुरलेले कारागीर. एका आकड्यावर साक्ष मानायला ते तयार नव्हते. त्यांनी दुसरी कसोटी सुचवली आणि त्यासाठी धाकट्या भावाला बर्फ आणायला पिटाळले. बर्फ कुटून पातेल्यात भरला, त्यात थोडे पाणी घातले, नळीचे टोक त्यात बुडवून पाच मिनिटे धरले. आकडे भराभर उतरत गेले आणि १००० वर येऊन थांबले. मग गॅसवर पाणी खळखळ उकळू दिले आणि टोक त्यात धरले. कोष्टकात १०० अंशांपुढे १३८५ लिहिले होते. मल्टिमीटर १३७९ वर थांबला. पाणी आणखी उकळले, तरी तो पुढे सरकेना.

“सहा ओहम कमी,” मामा म्हणाले. “इथे मात्र चुकला.”

या वेळी ताईला उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. पाणी शंभर अंशांवर उकळते ते समुद्रकाठी, जेथे हवेचा दाब पुरा असतो, हे तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात होते. जसजसे उंच जावे तसतसा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. साधारण तीनशे मीटर चढावे तेव्हा एक अंशाचा फरक पडतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. म्हणजे येथे पाणी उकळायचे साडेअठ्ठ्याण्णव अंशांना. साडेअठ्ठ्याण्णव अंशांचा रोध काढला, तो भरला १३७९. गावाची उंचीसुद्धा त्या पेन्सिलीएवढ्या नळीने बरोबर सांगितली होती.

अंशांची ही मोजणी ज्याच्या नावाने चालते तो स्वीडनचा आंद्रेस सेल्सियस. त्याने १७४२ साली आपली पद्धत मांडली, तेव्हाच त्याने लिहून ठेवले होते की, बर्फ वितळण्याचे तापमान हवेच्या दाबाने बदलत नाही, उकळण्याचे मात्र बदलते. गंमत अशी की, त्याच्या मूळ मापात उकळते पाणी शून्यावर होते आणि बर्फ शंभरावर! पुढे थोड्याच वर्षांत ते माप उलटे करण्यात आले. नाहीतर यवतमाळकरांना मे महिन्यात तापमान उतरले म्हणून घाम पुसावा लागला असता.

प्लॅटिनमवर असा खोटा आळ येण्याची ही पहिली वेळ नव्हती. तापलेल्या धातूतून वीज कमी सहजतेने वाहते, हे इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही याने १८२१ मध्ये दाखवले होते. त्याचा उपयोग करून प्लॅटिनमच्या तारेने भट्ट्यांचे तापमान मोजावे, अशी कल्पना विल्यम सीमेन्स याने १८७१ मध्ये मांडली. त्याची उपकरणे तपासली गेली, तेव्हा असे दिसून आले की, भट्टीत एकदा तापून आलेली तार पूर्वीचा आकडा पुन्हा दाखवत नाही. प्लॅटिनम विश्वासाचे नाही, असे लोक म्हणू लागले. काही वर्षे ही कल्पना मागे पडली. मग केंब्रिज येथे ह्यू कॅलेंडर या तरुण संशोधकाने शोध लावला की, दोष प्लॅटिनमचा नव्हताच. सीमेन्सने तार मातीच्या दांड्यावर गुंडाळून लोखंडी नळीत बंद केली होती. प्रखर उष्णतेत त्या माती-लोखंडाच्या संगतीने तार दूषित होत होती. कॅलेंडरने शुद्ध तार घेतली, ती ताण न देता अभ्रकावर गुंडाळली, आणि तिने प्रत्येक वेळी तोच आकडा दिला. १८८७ मध्ये त्याचे हे संशोधन प्रसिद्ध झाले. आज प्रयोगशाळांत अत्यंत काटेकोर तापमान मोजायचे असते तेथे प्लॅटिनमचीच तार वापरतात. यवतमाळच्या त्या स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यातून बाहेर काढलेली नळी तिच्याच कुळातली होती.

नळी खरी ठरली. मग प्रश्न उरला: आपल्या जागी ११५५ सांगणारा निरोप पट्टीपर्यंत पोचेपर्यंत १२७५ कसा होत होता? मधल्या वाटेत १२० ओहमांची भर कोण घालत होते?

मध्ये होत्या दोन लांब तारा आणि एक जोड. मामांनी नळी तात्पुरती पुन्हा जोडली, पट्टीकडच्या टोकाला मल्टिमीटर लावला आणि पक्कडीच्या लाकडी मुठीने तारेवर ठिकठिकाणी हलकेच टिचकी मारीत निघाले. वरच्या वळणावर टिचकी मारली, आकडा स्थिर. मधल्या भागावर मारली, स्थिर. पांढऱ्या जोडाला मूठ लागताच आकडा उसळला: १२९०, १३१०, १२४०, पुन्हा १२७५. मामा हसले. पंपाच्या मोटारींत त्यांनी असे सैल जोड शेकड्यांनी पाहिले होते. “हा चोर ओळखीचा आहे,” ते म्हणाले.

जोड सुटा करून उजेडात धरला. त्याच्या आतली एक पिन काळी पडली होती. तीन वर्षे, आणि त्याआधी नागपुरात कोण जाणे किती, ओव्हनच्या मागच्या भिंतीची धग तिला लागत होती. तुपाची वाफ तिच्यावर बसत होती. त्या काजळीची आणि गंजाची सालीसारखी बारीक पुटे धरली होती. शिवाय पिनेला धरून ठेवणारी पितळी पकड सैल झाली होती. वीज त्या पुटातून वाट काढीत कशीबशी जात होती, आणि ओव्हन तापला, जरा हलला की वाट कधी रुंद, कधी अरुंद होत होती. परवा दुपारचा घाणा बरा निघाला, कारण त्या वेळी वाट रुंद होती. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते असे.

ताईने कागदावर हिशोब मांडून पाहिला. १८० अंशांना नळीचा रोध १६८५ व्हायला हवा. त्यातले १२० जर जोडाचेच असतील, तर नळीचे स्वतःचे उरतात १५६५, आणि १५६५ म्हणजे १४८ अंश. ओव्हन १८० म्हणून घंटी वाजवी तेव्हा आत १४८ अंश असत. आजीने हवेत हात धरून ‘आच कमी आहे’ म्हटले होते, ते ३२ अंश हेच. आजीला आकडा माहीत नव्हता आणि जोड तर तिने जन्मात पाहिला नव्हता. पण आच कमी आहे हे तिला ओव्हनच्या आधी कळले होते.

पुढचे काम पाच मिनिटांचे होते. मामांनी काचपेपरचा नखाएवढा तुकडा घेऊन पिन घासली; काळी साल जाऊन धातू चकाकू लागला. पक्कडीच्या टोकाने पितळी पकड हळूच आवळली. जोड ‘टक्’ असा आवाज करून बसला. पट्टीच्या टोकाशी आकडा आला ११५६. एक ओहम लांब तारांचा. जोडावर मूठ आपटली, तरी आकडा जागचा हलला नाही. पाठ बंद झाली, स्क्रू बसले, आणि सर्वांत शेवटी ओट्यावरचा प्लग भिंतीत गेला.

घंटी वाजली, तेव्हा आईने आधी आजीकडे पाहिले. आजीने हवेत हात धरला आणि लगेच मागे घेतला. मैद्याची ताटली आत गेली. या वेळी मैदा भराभर पिवळसर, मग तांबूस झाला. तेव्हा कोठे आईने पहिले ताट उचलले.

त्या रात्री घरात कोणी लवकर निजले नाही. वडील ताटे पुसून देत होते, धाकटा भाऊ कागदी खोक्यांच्या कडा मोडत होता, आणि आई एकामागून एक घाणे काढीत होती. प्रत्येक घाण्याच्या माथ्यावर चिरा होत्या आणि तळाला बदामी रंग. पहिल्या घाण्यातल्या चार नानकटाया तिने बशीत घालून शेजारच्या बाईंकडे पाठवून दिल्या. बरोबर निरोप काहीच दिला नाही. दोन दिवसांनी, लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या एस.टी.ने बारा किलोंची खोकी दारव्ह्याला गेली.

माहितीपत्रक पुन्हा डब्यात ठेवण्यापूर्वी ताईने ‘खोलीचे तापमान’ या शब्दांपुढे शिसपेन्सिलीने लिहिले: “यवतमाळ, मे, दुपारी ३ वाजता: ४० अंश, ११५५.” मामा काचपेपर विसरून गेले होते. आजीने तो तुकडा घडी करून चाळणीच्या मागे ठेवला.